बाभळीला बांधलेली नाव

आमच्या मुकुंदवाडीच्या घरी नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं, आणि त्याच घरात दादांनी एके सकाळी नाव काढली. काढली म्हणजे खडूने, शहाबादी फरशीवर. दादा म्हणजे माझे वडील. औरंगपुऱ्यात एका फर्निचरच्या दुकानात ते मिस्त्री होते, आणि रेघ मारताना त्यांचा हात केसभरही हलत नसे. त्यांनी कपाट भिंतीला सरकवलं, मायला, म्हणजे माझ्या आईला, खाटेसकट दाराशी नेऊन बसवलं आणि मापाची दोरी धरून खोलीच्या मधोमध नावेचा आकार उतरवला. नाव सोळा फुटांची आणि खोली बारा फुटांची, त्यामुळे नावेचं नाक उंबरा ओलांडून ओट्यावर गेलं. शेजारपाजारच्या बाया पुढे महिनाभर ते नाक ओलांडून आमच्याकडे यायच्या आणि हसायच्या. दादांनी उभं राहून कमरेवर हात ठेवले. ''आजपासून आपन ह्याच्यातच ऱ्हायचं,'' ते म्हणाले. ''रांधायचं, निजायचं, भांडायचं, समदं ह्याच्यातच. रेघंच्या भायेर पाय पडला की बुडाला.'' मी अकरावीत होते आणि मला माझ्या बापाची भयंकर लाज वाटली होती.

हे सगळं मायसाठी चाललं होतं. तिच्या काळजाची एक झडप नीट मिटत नव्हती. आषाढात डॉक्टरांनी दादांना बाजूला घेऊन सांगितलं की येता हिवाळा सगळ्यांनी मिळून काढा, पुढचं पुढे बघू. मी दोन हातांवर उभी होते, मला ऐकू आलं. दादांनी मायला ते सांगितलं नाही, फक्त विचारलं, कुठं जावंसं वाटतं का तुला? तिने एका श्वासात सांगितलं, जणू कुणी विचारायची वाटच पाहत होती: ''मला माझ्या गावावरून जायचंय.'' मायचं गाव जायकवाडीच्या धरणात गेलं होतं. गावाबाहेर आमच्या लोकांची वस्ती होती, आणि धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर तिच्या वडिलांनी तिथे एक पिंपळ लावला होता. त्या पिंपळाखाली ते वस्तीतल्या पोरांना आणि मायलाही अक्षरं शिकवायचे. पुढे पाणी चढत आलं. वस्ती सगळ्यात शेवटी उठली. मायने माघारी वळून पाहिलं तेव्हा पिंपळाच्या बुंध्याला पाणी लागलं होतं. एवढंच तिला आठवायचं, आणि ते ती मला लहानपणापासून इतक्या वेळा सांगत आली होती की तो पिंपळ मीही पाहिलाय असं मला वाटायचं. ''पर हिवाळ्यात धरण भरलेलं असतंय,'' मी तिला म्हटलं, ''दिसनार काय तिथं? नुसतं पानी.'' ती म्हणाली, ''दिसाया कशाला पायजे? वरून गेलं तरी बास झालं.''

नाव म्हणाल तर ती पैठणच्या बाजूला काठावर उपडी पडलेली होती. कुण्या एका साहेबाने पक्षी बघायला म्हणून शिडाची नाव ठेवली होती, त्यांची बदली झाली आणि ती तशीच राहिली. तिची देखभाल तुळशीराममामा करायचे. धरणात मासे धरण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि साहेबाची नाव चालवायचे तेही तेच. दादांनी त्यांच्या दाराशी मोबदला म्हणून एक कपाट नेऊन ठेवलं आणि नाव मागून घेतली. चार महिने दर सुट्टीला जाऊन फळ्या बदलल्या, डांबर भरलं, मधे निजण्यापुरतं छप्पर घातलं. शिडाचं कापड औरंगपुऱ्यातल्या उस्मानचाचांनी शिवलं. त्यांचा धंदा लग्नाच्या मांडवांचा. माप ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, ''क्या मिस्त्री, शादी पानी में रखे क्या?'' शिवून झाल्यावर दादांनी खरं कारण सांगितलं तेव्हा चाचांनी ते कापड परत उसवलं आणि दुहेरी शिवण घालून दिलं. मांडवाची एक लाल पट्टी त्याच्या कडेला राहून गेली होती, ती मायला फार आवडली, म्हणून काढली नाही.

बेत असा होता की मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला निघायचं. काठाकाठाने, वारा पडेल तिथे मुक्काम करत जायचं. दोन दिवसांत मायच्या गावावर पोचायचं, मग तसंच वर वर, जिथे धरणाची पुन्हा नदी होते तिथवर, आणि भीमजयंतीच्या आत परत. सबंध हिवाळा पाण्यावर. दादांनी मालकाला सांगून काम सोडलं. माझी पुस्तकं एका बोचक्यात बांधली. आणि आधी सवय व्हावी म्हणून ती खडूची नाव. खडू पायांनी रोज पुसला जायचा, म्हणून चौथ्या दिवशी दादांनी गेरू कालवून पक्की रेघ ओढली. त्या रेघेत आम्ही तिघं राहायला लागलो. स्टोव्ह एका टोकाला, मायचं अंथरूण मधे, दादा दुसऱ्या टोकाला. नावेत एकदम कुणी उठलं की ती कलंडते, म्हणून तुळशीराममामांनी एक रीत शिकवली होती: उठणाऱ्याने आधी ''उठतो'' म्हणायचं, बाकीच्यांनी दुसऱ्या बाजूला झुकून ''ऊठ'' म्हणायचं, मग उठायचं. आम्ही ते शहाबादी फरशीवर इमानेइतबारे केलं. पाहुणा दारात उभा, माय म्हणतेय ''उठतेय गं'', आणि मी नि दादा गंभीर तोंडाने डावीकडे झुकतोय. पाहुण्याला वाटायचं, ह्या घरात कायतरी बिनसलंय. माय हसायची, हसताना तिला दम लागायचा, आणि दम लागला की आम्ही दोघं हसणं थांबवायचो. ती मग रागवायची, ''हसा की! मी काय मेलेय का?''

कार्तिक सरता सरता आम्ही खऱ्या नावेवर राहायला गेलो. निघायच्या आधी काठाशीच राहून सवय करायची होती. पहिल्याच दिवशी भाकरी तव्यावरून घसरून माझ्या मांडीवर आली. बसून, पाय फाकवून, नावेच्या डुलण्याबरोबर कंबर सैल सोडून भाकरी थापायला मला चार दिवस लागले. प्रत्येक वस्तूला दोरी बांधावी लागे: पातेल्याला दोरी, मिठाच्या डब्याला दोरी, दादांच्या चष्म्याला दोरी. रात्रीचं उरलेलं येसर, म्हणजे भाजल्या डाळीधान्याच्या पिठाची आमटी, सकाळी थंडीने घट्ट व्हायचं, ते तसंच शिळ्या भाकरीला लावून खायचो. तुळशीराममामा कधी मरळ आणून द्यायचे. निजलं की कानाखाली, फळीच्या पलीकडे, पाणी चुबुकचुबुक करायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, आत येतंय. शिडाची दोरी काठीवर टकटक वाजायची. पहाटे धुक्यात बदकांचा असा गलका उठायचा की आठवडी बाजार भरल्यासारखं वाटावं. मी आता पन्नाशीला आले आहे. मुकुंदवाडीत आमच्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे, माझी नात पाऊस पाडणारा आवाज मोबाइलवर लावून झोपते. मला झोप येत नाही तेव्हा मी फक्त ती चुबुकचुबुक आठवते, आणि ती आठवली की मग अजिबातच झोप येत नाही.

खरी गोष्ट अशी की त्या दहा-बारा दिवसांत माय सुधारली. निदान तसं दिसायचं. घरी तिला तीन उशा लागायच्या, नावेत ती दोन उशांवर झोपायला लागली. सकाळी छपरातून अर्धी बाहेर येऊन, लाल पट्टी हातात धरून बसायची आणि पाण्याकडे बोट करून सांगायची, तिकडं आमचा वढा व्हता, तिकडून बैलगाड्या यायच्या. दादा शीड चढवायचे, उतरवायचे, मामांच्या शिव्या खायचे आणि पोरासारखे खूश व्हायचे. रोज सकाळी नांगराचा दगड नावेत उचलून घ्यायचा आणि संध्याकाळी परत पाण्यात टाकायचा, हा त्यांचा सराव. सगळ्यांचं छान चाललं होतं. फक्त माझं नव्हतं. मला डॉक्टरांचं बोलणं पाठ होतं. एकदा आम्ही मामांसोबत थोडं आत गेलो, काठ बारीक होत गेला, आणि माझ्या मनात आलं की इथे मायला काही झालं तर मी कुणाला हाक मारू? रस्ता नाही, रिक्षा नाही, दवाखाना नाही. संध्याकाळी दादा काठावर गेले तेव्हा मी मायचे पाय चेपत म्हटलं, ''माय, नको जाऊ या ना. इथंच ऱ्हाऊ. काठाला.'' तिने पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, ''सुजे, काठाला तर मी जलमभर हाय.''

निघायला बारा दिवस उरले असताना मायची औषधं आणायला आणि शेवटचं दाखवायला शहरात जायचं ठरलं. आदल्या दिवशी तुळशीराममामा येऊन दादांना बजावून गेले, ''मिस्तरी, मी बी आठ रोज लेकीकडं चाललोय. कालव्याला पानी सोडलंय, धरण उतरतंय. नाव आत सारून दगड टाका, अन् काठाचा दोर लांब सोडा, ढिला. पानी मागं हटलं तरी नाव पान्यात ऱ्हायली पायजे.'' दादांनी सकाळी अगदी तसंच केलं. नाव आत सारली, दगड टाकला, काठच्या बाभळीला लांब दोर बांधला, आणि अंथरुणाची वळकटी डोक्यावर घेऊन गाडी थांबवायला वर रस्त्याकडे गेले. माय काठावर एका दगडावर बसली होती. माझा स्टोव्ह नावेत राहिला होता म्हणून मी गुडघाभर पाण्यातून परत गेले. स्टोव्ह घेतला. वारा सुटला होता, नाव दोराच्या टोकापर्यंत जायची, ताणायची, परत यायची. तो ताण मला बघवेना. मला वाटलं, आठ दिवस ही अशी ओढत राहील आणि एक दिवस सुटून जाईल. मी दगड उचलून नावेत घेतला, नाव ओढत काठाला आणली, आणि बाभळीला दोराचे तीन वेढे देऊन हातभर दोर ठेवून गच्च बांधली.

सुटून जाईल म्हणून मी तसं केलं, असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगत आले. मामांचं बोलणं मी ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं, मी तिथेच भांडी घासत होते. पाणी उतरतं म्हणजे काय होतं ते मला कळत नव्हतं का? हे मात्र मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आमच्या घराण्यात कुणी पाण्यावर राहिलेलं नाही. आम्हाला जनावर बांधायची सवय. जे जपायचं ते जवळ आणि आखूड बांधायचं. पण त्या वेळी बांधताना मला बरं वाटलं होतं, हे मला पक्कं आठवतं. नाव हलायची थांबली, आणि मला फार बरं वाटलं.

शहरात आठाचे दहा दिवस झाले. डॉक्टरांनी औषधं बदलली, मायच्या पायांवर सूज आली आणि उतरली. पौर्णिमेला दोन दिवस राहिले तेव्हा आम्ही तिघं परत गेलो. वळणावरून दादांना आधी दिसलं. ते चालायचे थांबले. पाणी हातभरही उतरलेलं नव्हतं, फार तर वीतभर उतरलं असेल, पण तो काठ ताटासारखा सपाट होता आणि वीतभर पाणी म्हणजे पाच-पन्नास पावलं जमीन. आमची नाव चिखलात कुशीवर पडली होती. दोर ताणलेला, तोंड बाभळीकडे उचललेलं, आणि खाली जिथे सगळं वजन आलं तिथे कुण्या जुन्या शेताच्या बांधाचे दगड वर आले होते. तीन फळ्या फुटल्या होत्या. तुळशीराममामा आमच्याआधी येऊन पोचले होते. दादांना पाहताच ते ओरडले, ''आरं मिस्तरी, नाव हाय का बैल? दाव्याला बांधल्यावानी बांधली व्हय रे! काय सांगून गेलो व्हतो मी?''

दादा नावेजवळ गेले. त्यांनी गाठीला हात लावला. मग आत डोकावून नांगराचा दगड पाहिला. ''दगड आतच हाय,'' ते हळूच म्हणाले. ''म्हंजी मी टाकलाच नाय. डोक्यात दवाखाना व्हता मामा. मला वाटलं, टाकला.'' माझ्या हातात स्टोव्ह होता. मी तोंड उघडलं होतं, हे खरं सांगते. पण तेवढ्यात दादा चिखलात बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. माझ्या बापाला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी इतकी भ्याले की तोंड मिटलं ते मिटलंच. माय तोल सांभाळत त्यांच्यापर्यंत गेली, त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली आणि पाण्याकडे बघत म्हणाली, ''असू द्या. फळ्याच हायेत. फळ्या काय, बदलता येत्यात.''

दादांनी फळ्या बदलल्याही. रोज काठावर जाऊन पंधरा दिवस ते एकटे रंधा मारत होते. पण तेवढ्यात पौषाची थंडी पडली आणि मायचं काळीज हटून बसलं. तुळशीराममामा म्हणाले, माझ्या होडीतून नेतो. पण त्या होडीत धड बसायला जागा नव्हती, आणि मायला आता बसवतच नव्हतं. घरी, खाटेवरून, ती म्हणाली, मला माझ्या जागेवर टाका. म्हणजे गेरूच्या रेघेत, मधोमध. खाट नको, खाली. मी अंथरूण घातलं. दादा रात्री दुरुस्ती टाकून यायचे आणि आपल्या टोकाला, रेघेच्या आतच, निजायचे. एकदा दुपारी मी मायचं डोकं मांडीवर घेऊन तिला पेज भरवत होते. दादा धरणावर होते. तिने चमचा बाजूला केला आणि म्हणाली, ''सुजे, मी त्या दगडावर बसून बघत व्हते.''

मला कळलं, पण मी कळलं नाही असं केलं. ''काय?'' म्हटलं.

''तू दोर गुंडाळत व्हतीस. मला कळत व्हतं काय व्हनार त्ये. मी धरनाकाठची हाय. तुला हाक मारनार व्हते.'' तिला दम लागला. मी थांब म्हणाले, ती थांबली नाही. ''पर तुझं त्वांड बघितलं. जत्रंत माझा पदर धरून बशायचीस बघ ल्हानपनी, तसं व्हतं. मला नाय बोलवलं.''

मी तिच्या पोटात तोंड खुपसून रडले. माय, मी मुद्दाम नाही केलं, म्हटलं. मग म्हटलं, केलं असंल. दोन्ही म्हटलं. ती माझ्या केसांतून बोटं फिरवत होती, बोटांत जोर नव्हता. ''माझं ऱ्हाऊ दे,'' ती म्हणाली. ''मी न्हाई गेले तर न्हाई गेले. पर तेवढं दादाला सांग. त्यो सवताला खायालाय. सांगशील नव्हं?''

''व्हय,'' मी म्हटलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे ती ''उठतेय गं'' म्हणाली. मी नि दादा झोपेतच, सवयीने, दुसऱ्या बाजूला झुकलो आणि ''ऊठ'' म्हणालो. ती उठली नाही. तेवढंच बोलली आणि गेली. गेरूची रेघ पुढे दादांनी कुणाला पुसू दिली नाही. ती पायांखाली आपोआप गेली, दोन-अडीच वर्षांत. नाव त्यांनी तुळशीराममामांना परत दिली. शीड माझ्या ट्रंकेत आहे. मायच्या गावावरून आमच्यापैकी कुणीच कधी गेलं नाही.

दादांना मी जलदान विधी झाल्यावर सांगणार होते. मग परीक्षा झाल्यावर. मग ते जरा सावरल्यावर. मग माझ्या लग्नाआधी, मग पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा. ते पुढे वीस वर्षं जगले. आल्यागेल्याला ते स्वतःच हसत सांगायचे, ''मिस्तऱ्याला नाव बनवता आली, बांधता नाय आली,'' आणि मी आतून चहाचे कप घेऊन यायचे, ठेवायचे, साखर बरोबर आहे का विचारायचे. पण त्यांनी त्या दिवसानंतर हाताने कधी गाठ मारली नाही. रिक्षावर कपाट चढवलं की दोर माझ्या नवऱ्याकडे, मी असेन तर माझ्याकडे. धान्याचं पोतं, शिदोरीचं फडकं, नातवाच्या बुटाची नाडीसुद्धा. ''सुजे, तू बांध,'' म्हणायचे. ''माझ्या हातची गाठ आखूड पडती.'' आणि मी बांधायचे.

शेवटच्या वेळी त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हाही त्यांचं कपड्यांचं बोचकं मीच बांधलं. ते खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, ''बेस बांधतीस तू. तवा तुलाच सांगायला पायजे व्हतं मी.'' मी खाली मान घालून पुन्हा एकदा गाठ आवळली, आणि रिक्षा बघून येते म्हणून बाहेर गेले. त्या दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

माय मला एकच काम सांगून गेली होती. दादा, ती नाव मी बांधली होती.